ताई, त्या बारा मण्यांसाठी

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र नुसतं तुमच्या हाती देऊनही भागलं असतं. पण तुम्ही मुलांच्या हातापायांच्या हालचाली तपासता, त्या खोलीबाहेरच्या बाकावर दोन-तीन आईबाप मुठी आवळून बसलेले असतात, तसा मीही बसलो होतो. त्यांच्याही वाचनात यावं म्हणून उघडपणे लिहितोय.

आम्ही तुम्हाला आठवतोय की नाही, ठाऊक नाही. लेक सव्वापाच वर्षांची, आणि बाप पहिल्या पाच मिनिटांत ओरडा खाऊन गप्प बसलेला. ओरडा म्हणजे तुम्ही आवाज चढवला नव्हता. लेकीच्या हातून मणी निसटला, मी खुर्चीतून अर्धा उठलो, आणि तुम्ही तिच्यावरची नजर न काढता माझ्याकडे नुसता तळहात केलात. मी बसलो. आधी त्या तळहाताचे आभार.

कारण तोवर आमच्या घरात तिचं कुठलंच काम तिच्या हातून पुरं झालेलं नव्हतं. तिने बटण लावायला घेतलं की मी पुढे, बुटाला हात घातला की तिची आई पुढे. जिना चढताना-उतरताना दर पायरीला दोन्ही पाय टेकवायची, म्हणून बोट धरायचं. चित्र रंगवायला बसली की पाच मिनिटांत ‘हात दुखतो’ म्हणून उठायची. शाळेतून शेरा आला होता, ‘आळशी आहे, लक्ष देत नाही.’ त्याआधी एका ठिकाणी तपासणीही झाली होती, ऐन झोपेच्या वेळी आणि दहा मिनिटांत. कागद भरणाऱ्यांनी तिचं कोपर धरून तिच्याकडून रेघ काढून घेतली आणि पुढे ‘जमते’ असं लिहून टाकलं. फुली एकच मारली, पण ठसठशीत : ‘रांगली नाही.’

त्या फुलीने आमची झोप उडवली होती. तुम्ही ती पाहिलीत आणि विचारलंत, ‘चालायला कधी लागली?’ पंधराव्या महिन्यात, म्हणालो. मग तुम्ही सांगितलंत की जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांची पाहणी करून २००६ साली आकडे मांडले. त्यांत ४.३ टक्के बाळं हातागुडघ्यांवर रांगलीच नव्हती. आणि एकट्याने चालणं ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत कधीही सुरू झालं, तरी ते ठीकच धरतात. दोन वर्षं छातीवर घेऊन फिरलेला धोंडा तुम्ही दोन वाक्यांत उतरवून ठेवलात.

मग तुम्ही एक गोष्ट केलीत, जी आधीच्या तपासणीत कुणाला सुचली नव्हती. लेक खुर्चीवर बसली होती, पाय अधांतरी. तुम्ही कोपऱ्यातला पाटासारखा लाकडी ठोकळा आणून तिच्या तळव्यांखाली सरकवलात आणि मगच चाचणीची पेटी उघडलीत. पाय लोंबकळत असले की मूल अर्धी ताकद स्वतःला सावरण्यात घालवतं आणि हाताला ती कमी पडते, हे तुम्ही नंतर समजावलंत. मला ते तेव्हाच दिसलं. तिचे खांदे कानांपासून खाली आले.

चाचणीचं भलं लांबलचक नाव, ‘मूव्हमेंट असेसमेंट बॅटरी फॉर चिल्ड्रन’, घरी येऊन पाठ केलं. आत मात्र खेळच चालला होता. पेटीच्या फटीत एकेक नाणं टाकायचं, आधी एका हाताने, मग दुसऱ्या. दोरीत मणी ओवायचे. दोन रेघांमधून पेन न्यायचं. पिशवी झेलायची आणि फेकायची, ती १.८ मीटरवरून. एका पायावर उभं राहायचं, जास्तीत जास्त ३० सेकंद. टाचा उचलून रेघेवरून चालायचं, आणि चटयांवरून उड्या मारत जायचं. आठ कामं, प्रत्येक आधी तुम्ही करून दाखवलेलं, मग सरावाची पाळी, आणि खरी पाळी सुरू झाली की तुमच्याकडून ना शाबासकी ना सूचना. सुरुवातीला मला तो कोरडेपणा वाटला. नंतर कळलं, की तुम्ही एका मुलाला ‘जरा हळू’ म्हणालात आणि दुसऱ्याला नाही म्हणालात, तर दोघांचे आकडे शेजारी मांडण्यात अर्थच उरत नाही.

मणी बारा होते. लेकीने पहिला ओवला, दुसरा सुटला, तिसऱ्याला दोरीचं टोक वाकलं, तिने हात बदलला, पुन्हा बदलला. मला घड्याळ दिसत होतं आणि पोटात गोळा येत होता. तुम्ही मात्र घड्याळाच्या आकड्याखाली पेन्सिलीने बारीक अक्षरांत काहीतरी लिहीत होतात. ती ओळ तुम्ही मला नंतर वाचून दाखवलीत. ‘दोरी टोकापासून फार मागे धरते. टोक वाकतं. मणी स्थिर धरत नाही, तोच दोरीवर ढकलते.’

एवढंच. आळस नाही, दुर्लक्ष नाही. चिमूट दोन बोटं मागे होती.

ताई, माझा धंदा जमिनीच्या मोजणीचा. आकड्यावर माझा विश्वास आहे, पण जो मोजणारा आपल्या मोजणीत चूक किती शिरू शकते ते सांगत नाही, त्याच्या नकाशावर मी सही करत नाही. तुम्ही अहवाल पुढे केलात तेव्हा मी सवयीने आधी आकडाच पाहिला. ‘९’. डोळ्यांपुढे अंधारी आली. शंभरात नऊ गुण म्हणजे नापासच की! तुम्ही कागद उलटा केलात आणि मागे शंभर टिंबं काढायला घेतलीत. वीस-पंचवीस काढून कंटाळलात आणि म्हणालात, ‘बाकीची धरून चाला.’ ९वं पर्सेंटाइल म्हणजे तिच्या वयाची शंभर मुलं ओळीत उभी केली, तर साधारण नऊ तिच्या बरोबरीला किंवा मागे. पाचपर्यंत लाल, ६ ते १५ पिवळा, त्याच्या पुढे हिरवा. लेक पिवळ्यात. शिवाय एकूण आकड्याच्या पोटात शिरल्यावर चित्र आणखी निराळं निघालं. पिशवी झेलणं-फेकणं अगदी मध्यावर, ५० वर, आणि हाताची बारीक कामं ५ वर. एकाच मुलीत इतकं अंतर आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे तुम्ही म्हणालात, ‘हा आजचा आकडा. थोडा इकडेतिकडे धरायचा.’ त्या क्षणी मी मनातल्या मनात सही केली.

‘मग हा आजार आहे का?’ हे मी तीन वेळा विचारलं, तुम्ही तीनदा तेवढ्याच शांतपणे उत्तर दिलंत. डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात ते, म्हणजे वयाच्या मानाने हालचालींचा मेळ न बसणं, शाळकरी वयातल्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांत आढळतं. पण ते नाव नुसत्या गुणांवर देत नाहीत. रोजच्या कामांत किती अडतं ते पाहावं लागतं, दुसरं कारण नाही ना याची डॉक्टरांकडून खात्री करावी लागते, आणि पाच वर्षांच्या आत तर सहसा ते नाव देतच नाहीत, कारण या वयात मुलं फार झपाट्याने बदलतात. लेक नुकतीच पाच ओलांडलेली. ‘थांबू या, पण हातावर हात ठेवून नाही,’ असं तुम्ही म्हणालात. त्या नावाची चिठ्ठी हातात पडली असती तर त्या दिवशी मला बरं वाटलं असतं, हे खरं सांगतो. आज वाटतं, बरं झालं दिली नाहीत.

घरी मी तिच्याकडून रोज दोन पानं गिरवून घेत होतो. ते तुम्ही पहिल्या दिवशीच बंद करवलंत. बटण लावता यायला हवं, तर बटणच लावायचं. मोठं, सैल काजं असलेलं, आधी मांडीवरच्या कपड्याला, मग अंगातल्या. प्रत्येक वेळी तिलाच विचारायचं, ‘कुठे अडलं?’ यातलं शेवटचं मला सर्वांत जड गेलं. उत्तर जिभेवर असताना गप्प बसण्याची सवय मला कुठली! पण एका सकाळी ती काजात अडकलेल्या बटणाकडे बघत स्वतःशीच म्हणाली, ‘मागे धरलंय मी,’ आणि बोटं पुढे सरकवली. मी दाराआड होतो. तुमचा तळहात आठवला आणि तिथेच थांबलो.

दहा महिन्यांनी तुम्ही पुन्हा तीच पेटी उघडलीत. हाताच्या कामांचा आकडा ५ वरून १६ वर आला होता. मला वाटलं होतं, एवढ्या खटाटोपानंतर याहून जास्त येईल. तेव्हा तुम्ही दाखवून दिलंत की ती मोठी झाली, तशी तिच्याशी तुलना होणारी मुलंही मोठी झाली. नुसतं पाचावर टिकून राहायलाही तिला त्यांच्याइतकं पुढे यावं लागलं असतं. एका पायावर उभं राहणं अजून डळमळीतच आहे, आणि तेही तुम्ही अहवालात गोड न करता लिहिलंत. त्याबद्दलही आभार मानतो. गोड अहवाल आम्हाला आधी एक मिळाला होता.

लाकडी ठोकळ्याची नक्कल मी घरी करून घेतली आहे, तुमच्यापेक्षा बोटभर उंच, कारण आमची खुर्ची उंच. जिन्यावर बोट अजून धरतो, पण फक्त उतरताना.

पत्रासोबत लेकीने तुमच्यासाठी माळ दिली आहे. मणी बारा, सगळे तिनेच ओवलेले. गाठ मात्र मी मारली आहे. तिने ‘फक्त गाठ हं’ म्हणून दोरीची दोन टोकं माझ्या हातात दिली होती.

तुमचा कृतज्ञ,
कोपऱ्यातल्या खुर्चीतला बाप