उजनीचे उणे टक्के आणि नववीचा वर्ग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या अंकात रोज उजनी धरणाचा पाणीसाठा छापून येतो: उणे इतके टक्के. सोलापूर शहराच्या पूर्वभागातल्या एका मराठी शाळेत मी नववी-दहावीला गणित शिकवते. २०२४ मध्ये, टंचाईच्या दिवसांत, नववीतल्या एका मुलाने हे कात्रण आणून विचारले, "बाई, पाणी उणे कसं असेल? एक तर असेल, नाही तर नसेल." त्या दिवशीचा धडा मी बाजूला ठेवला.

उजनीचा मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेले तळाचे पाणी, ६३.६६ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यावरचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. छापलेले टक्के या उपयुक्त साठ्याचे असतात. म्हणजे शून्य टक्के झाले तरी धरणात ६३.६६ टीएमसी पाणी असतेच. मग उणे ३० म्हणजे किती? मुलांनी ५३.५७ चे ३० टक्के काढले, साधारण १६ टीएमसी. ते मृत साठ्यातून वजा केले, उरले सुमारे ४७.६. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मग सगळ्या ११७ टीएमसीशी ताडून बघितलं तर ४० टक्के पाणी आहे की!" पाणी तेच, पण एका हिशेबाने उणे ३० आणि दुसऱ्याने ४०. टक्के दिसले की 'कशाचे?' हे आधी विचारायचे, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले होते. त्या सकाळी ते मुलांनीच मला सांगितले.

तेव्हापासून जमेल तिथे मुलांच्या घरातलेच गणित घेते. आमच्याकडे चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येते, म्हणून महत्त्वमापनाच्या, म्हणजे घनफळ काढण्याच्या, धड्याला घरचे पिंप मोजून आणायला सांगितले. व्यास ५६ सेंमी, उंची ८५ सेंमी, उत्तर सुमारे २०९ लिटर. पिंप तर दोनशेचे! नऊ लिटर कुठून आले, यावर पुढचा अर्धा तास वाद झाला (माप बाहेरून घेतले होते). एकदा मात्र माझी चूक झाली. शेकडेवारीसाठी, घरी वळलेल्या हजार विड्यांतली छाट (नाकारलेल्या विड्या) किती आणि हातात मजुरी किती पडते, हे मी वर्गात विचारले. एक मुलगी खाली मान घालून बसली, तास संपेपर्यंत बोलली नाही. घरची कमाई आता मी उदाहरणात कधीच घेत नाही.

पण नुसत्या ओळखीच्या उदाहरणांनी भागत नाही. कोण कुठे अडतो, हे मार्कांवरून कळत नाही. चाळीसपैकी चौदा मिळालेल्या दोन मुलांचे अडणे अगदी वेगळे असू शकते. म्हणून मी प्रत्येक मुलाची एक ओळ असलेली वही ठेवली आहे. घटक चाचणी तपासताना चार रकाने भरते: प्रश्न समजला का, समीकरण मांडले का, आकडेमोड बरोबर आली का, एकक लिहिले का. पहिल्याच सत्रात दिसले की घरी तेलुगू बोलणारी बरीच मुले आकडेमोडीत पक्की आहेत. ती अडतात 'च्या दुपटीपेक्षा पाचने कमी' अशा शब्दांपाशी. मी त्यांच्याकडून गुणाकार घोकून घेत होते आणि अडचण होती वाक्यात! आता अशा प्रश्नाचे वाक्य मुले आधी आपल्या घरच्या भाषेत एकमेकांना सांगतात, मग समीकरण मांडतात. चौथ्या तासाला वर्गात जो गलका होतो, तो हाच.

ही वही तपासणीसाठी नाही. फाइलमध्ये लावण्याचे तक्ते वेगळे असतात आणि त्यांत आमचा बराच वेळ जातो. मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे की गणिताच्या शिक्षकांना अशा नोंदींसाठी आठवड्याचा एक तास मोकळा द्यावा. पालकांनीही सभेला आल्यावर 'किती मार्क पडले' याच्या आधी 'कुठे अडतोय' असे विचारावे.

आणि आपल्याला एक विनंती. उजनीच्या टक्केवारीशेजारी एकूण साठा किती टीएमसी, हेही रोज छापावे. आमच्या नववीच्या फळ्याच्या कोपऱ्यात हा आकडा रोज लिहिला जातो, आणि टीएमसी आम्हाला उलटे गणित करून काढावे लागतात. अर्थात ते मुले करतातच, पण पडताळायला छापील आकडा हवा.

आपली विश्वासू,
एक गणित शिक्षिका, सोलापूर