टाइप-सी म्हणजे फास्ट, असं छापू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मोबाईल ॲक्सेसरीजवर लेख आला होता, त्यात "टाइप-सी केबल घ्या, डेटा फास्ट जातो" असं वाक्य होतं. साहेब, हे बरोबर नाहीये. आपल्याकडे पेपरात आलेलं लोक खरं धरून चालतात आणि त्यावर पैसे घालवतात, म्हणून लिहितोय. अमळनेरला माझं लग्नाच्या फोटो-व्हिडिओचं काम आहे, लग्नसराईत रात्री उशिरा घरी आल्यावर कॅमेऱ्याची मेमरी कार्डं कॉम्प्युटरवर रिकामी करून ठेवल्याशिवाय दुसऱ्या दिवशीच्या हळदीला जाता येत नाही, त्यामुळे हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे.

टाइप-सी हा फक्त तोंडाचा आकार. २०१४ साली आला, २४ पिना, कसंही घाला बसतं, सोय म्हणून उत्तमच. पण त्यातून डेटा किती वेगाने जाणार हे आत वायरी कुठल्या टाकल्यात आणि दोन्हीकडचे पोर्ट कसले आहेत त्यावर ठरतं. मोबाईलच्या डब्यात येणारी केबल बऱ्याचदा यूएसबी २.० ची असते, म्हणजे २००० सालचं स्टँडर्ड, जास्तीत जास्त ४८० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. आयफोनचंच बघा ना, २०२३ ला आयफोन १५ ला टाइप-सी आलं, लोक खुश झाले, पण साध्या १५ ला स्पीड २.० चाच, १० जीबीपीएस (एक जीबीपीएस म्हणजे हजार एमबीपीएस) फक्त प्रो वाल्याला, आणि त्या प्रोच्या डब्यातली केबलसुद्धा २.० चीच, फास्ट पाहिजे तर वेगळी घ्या! उलट लॅपटॉपचा तो जुना चपटा पोर्ट, आतली पट्टी निळी असेल तर बहुतेक तो ३.० चा असतो, ५ जीबीपीएस, म्हणजे स्वस्तातल्या टाइप-सी पेक्षा कितीतरी पुढे.

आता हिशोब. ४८० हे बिट्स आहेत, ८ ने भागा, ६० एमबी सेकंदाला, तेही कागदावर, प्रत्यक्षात ३०-४० मिळतात. ६४ जीबीचं भरलेलं कार्ड रिकामं व्हायला अर्धा तास धरा. आणि लग्नात कार्ड काय एकच नसतं. ५ जीबीपीएस वर प्रत्यक्षात ४०० एमबी पर्यंत जाऊ शकतं, पण साधं यूएचएस-१ (मेमरी कार्डाच्या वेगाचा एक वर्ग) कार्ड ९०-१०० च्या आसपासच देतं, म्हणून तेच काम ११-१२ मिनिटात होतं, त्याहून कमी नाही. विहिरीवर मोठी मोटर बसवली आणि पाईप बारीक ठेवला तर पाणी पाईपाएवढंच येणार. म्हणून सगळ्यांनी महागडी केबल घ्या असं माझं म्हणणं अजिबात नाही, साध्या फिरत्या हार्ड डिस्कला २० जीबीपीएस ची केबल लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

या नावांच्या गोंधळाला यूएसबीचे नियम ठरवणारी कंपन्यांची संघटनाच जबाबदार आहे हेही छापा. २००८ ला ३.० आलं, २०१३ ला त्यालाच ३.१ जेन १ म्हणायला लागले, २०१७ ला ३.२ जेन १. स्पीड तोच ५. त्यामुळे डब्यावर नुसतं "यूएसबी ३.२" असेल तर ते ५, १०, २० काहीही असू शकतं. शेवटी २०२२ ला त्यांनीच सांगितलं की आता ही नावं गिऱ्हाईकापुढे नकोत, सरळ जीबीपीएस आणि वॅट लिहा. चांगला निर्णय, पण आपल्या बाजारात ते अजून पोचलेलं दिसत नाही. दुकानात विचारलं तर उत्तर येतं, "भाऊ, टाइप-सी शे ना, मंग काय फरक पडस?"

वॅटचं तर अजून वेगळं. सी टू सी (दोन्ही टोकांना टाइप-सी) केबल साधी असेल तर ६० वॅटपर्यंत, त्याच्यावर जायचं, म्हणजे ५ अँपियर न्यायचे, तर केबलमध्ये चिप लागते, आणि २०२१ पासून २४० वॅटपर्यंत सोय झाली आहे. पण २४० वॅटची केबल डेटाला २.० ची असू शकते, म्हणजे फास्ट चार्जिंग वेगळं आणि फास्ट डेटा वेगळा, लेखात दोन्ही एकत्र कालवलं होतं. चपट्या पोर्टातून टाइप-सी ला जाणाऱ्या केबलमध्ये ५६ किलो-ओहमचा रेझिस्टर (किती करंट ओढायचा हे फोनला सांगणारा छोटा भाग) लागतो, तो चुकीचा असला तर चार्जरला झेपेल त्यापेक्षा जास्त करंट फोन ओढतो. बेन्सन लियुंग म्हणून गूगलचा इंजिनिअर स्वतः विकत घेऊन केबली तपासायचा, २०१६ ला एका चुकीच्या जोडणीच्या केबलने त्याचा लॅपटॉपच गेला. तेव्हा फूटपाथवरची बिननावाची केबल हा फक्त स्पीडचा प्रश्न नाहीये.

माझी विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापा, ठळक छापा, आणि दिवाळीत दुकानांच्या पानभर जाहिराती घेता तेव्हा केबलच्या फोटोखाली जीबीपीएस किती आणि वॅट किती हे दोन आकडे त्यांच्याकडून मागून घ्या. जळगाव, धुळे, नंदुरबारला फोटोग्राफर, डीटीपी वाले, कॉम्प्युटर क्लास वाले खूप आहेत, सगळ्यांना उपयोग होईल. घरातली केबल तपासायची तर चांगल्या एसएसडीवर (आत फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) एक मोठी व्हिडिओ फाईल कॉपी करून बघा, सेकंदाला ४० एमबी च्या वर जातच नसेल तर ती केबल किंवा पोर्ट २.० चा आहे, आधी केबल बदलून बघा, मग पोर्ट.

आपला,
एक नियमित वाचक
अमळनेर, जि. जळगाव