स्प्रेडशीट शिकणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू स्प्रेडशीट शिकायला घेतल्याचे वाचून आनंद झाला. मेनूतल्या असंख्य बटणांनी तुला बिचकवले असेल, तर तूर्त त्यांच्याकडे खुशाल काणाडोळा कर. माझ्या मते नवशिक्याने आधी एवढेच ध्यानात घ्यावे की, सेलमध्ये, म्हणजे तक्त्यातल्या एका चौकटीत, जे दिसते तेच तिच्यात असते असे नाही. कोणत्याही सेलवर क्लिक केलेस की वरच्या फॉर्म्युला बारमध्ये तिच्यात खरोखर काय आहे ते दिसते. त्या पट्टीकडे पाहण्याची सवय लावून घे.

समज, बी२ मध्ये (म्हणजे बी कॉलमच्या दुसऱ्या ओळीतल्या सेलमध्ये) नग ५ आहेत, सी२ मध्ये दर १२० आहे आणि डी२ मध्ये तू =बी२*सी२ असे (टाइप करताना इंग्रजीत, =B2*C2) लिहिलेस. सेलमध्ये ६०० दिसतील, पण वरच्या पट्टीत सूत्रच असेल. आता दर बदलून १३० कर. डी२ ला हात न लावता तिथे ६५० येतील. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली ॲपल टू संगणकासाठी व्हिजिकॅल्क ही स्प्रेडशीट आणली, तेव्हा लोकांना भुरळ पडली ती याच गोष्टीची, कारण कागदावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे खोडून पुन्हा मांडावे लागत. म्हणून जे सूत्राने येऊ शकते ते कॅल्क्युलेटरवर काढून हाताने टाइप करू नकोस.

डी२ च्या खालच्या उजव्या कोपऱ्यातला बारीक चौकोन पकडून खाली ओढलास की पुढच्या ओळीत सूत्र आपोआप =बी३*सी३ होते. मात्र कराचा दर एफ१ या एकाच सेलमध्ये ठेवला असेल, तर तोही एफ२, एफ३ असा घसरत जातो आणि त्या सेल रिकाम्या असल्यामुळे कराच्या जागी मुकाट्याने शून्य येते. त्याला $एफ$१ असे डॉलरच्या चिन्हांनी जागीच बांधावे लागते. हे चिन्ह पहिल्याच आठवड्यात शिकावे. पुष्कळ जण ते उगाच पुढे ढकलतात.

तारखांचा मामला मात्र खरोखर मजेदार आहे. एक्सेल तारीख साठवते ती निव्वळ आकडा म्हणून. विंडोजवर १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरलेला असल्याने १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२. म्हणूनच दोन तारखांची वजाबाकी केली की मधले दिवस मिळतात. (या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधी न उगवलेला दिवसही धरला आहे, लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटशी मेळ राहावा म्हणून ती चूक तशीच ठेवली गेली.) तारखेसारखे दिसेल ते तारीख समजण्याची एक्सेलची खोड इतकी जुनी की, 'मार्च१' यांसारख्या जनुकांची नावेच अखेर शास्त्रज्ञांना बदलावी लागली.

उलट कधी आकडा दिसतो, पण तो असतो मजकूर. तो सहसा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेला असतो, तर खरा आकडा उजवीकडे जातो. आणि 'सम' या बेरजेच्या सूत्राने बेरीज करताना असा मजकूर बेरजेतून बिनबोभाट गळतो. शून्याने सुरू होणारे क्रमांक किंवा पंधराहून अधिक अंकी क्रमांक मात्र तू मुद्दाम मजकूर म्हणूनच नोंदव, नाहीतर पहिल्यांचे शून्य उडते आणि दुसऱ्यांचे शेवटचे अंक शून्य होतात. त्यासाठी सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह दिले की पुरते. सेलभर ##### आले तर घाबरू नकोस. बहुतेक वेळा कॉलम अरुंद आहे, एवढाच त्याचा अर्थ. कॉलमच्या शीर्षकाच्या उजव्या कडेवर डबल क्लिक कर.

सॉर्ट करताना, म्हणजे ओळी क्रमाने लावताना, मात्र संपूर्ण तक्ता निवडला आहे ना, हे पाहूनच पुढे जा, नाहीतर नावे हलतील आणि रकमा जागच्या जागी राहतील. अडलास तर चित्र न पाठवता फाइलच पाठव, कारण चित्रात मला सूत्रे दिसणार नाहीत.

तुझा स्नेहांकित,
मित्र