पेशी मेल्या, पण किती अर्काने?

महोदय,

नाशिक परिसरात फार्मसी महाविद्यालये भरपूर, त्यामुळे ‘रक्ताच्या कर्करोगावर अमुक पाल्याचा अर्क गुणकारी’ अशा बातम्याही अधूनमधून येतात. त्यांत पेशी किती अर्काने मेल्या, हा आकडा मात्र सहसा नसतो.

वाळल्या पाल्याची भुकटी मिथेनॉलमध्ये भिजवतात, गाळून द्रावक उडवतात. उरलेला चिकट अर्क डीएमएसओ या दुसऱ्या द्रावकात विरघळवून के-562 किंवा एचएल-60 या ल्युकेमियाच्या पेशींवर 24 ते 72 तास ठेवतात. निम्म्या पेशी मारणारे प्रमाण म्हणजे आयसी-50. कच्च्या अर्काचा हा आकडा 20 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास किंवा खाली असेल तर पुढे जाण्यात अर्थ. 300 असेल तर बातमी कशाला? डीएमएसओ एक टक्क्याच्या वर गेला की तोच पेशी मारू लागतो. आणि निरोगी लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) शेजारी तपासल्या नसतील, तर अर्काने कर्करोगाच्याच पेशी मारल्या की सरसकट सगळ्याच, हे कळायला मार्ग नाही.

आयसी-50 समजा 100 आहे. पाच लिटर रक्तात तेवढे प्रमाण आणायला अर्धा ग्रॅम अर्क थेट रक्तात हवा. पोटातून एक टक्का शोषला जातो असे धरले, तर 50 ग्रॅम गिळावा लागेल. पाल्यातून दहा टक्के अर्क निघतो असे मानले, तर हा झाला अर्धा किलो वाळका पाला, तोही एका वेळी!

यावर हटकून सदाफुलीचा दाखला दिला जातो. तो खराच आहे, पण अर्धा सांगितला जातो. 1950 च्या दशकात कॅनडात मधुमेहासाठी तिचा अर्क तपासला, तेव्हा तोंडाने दिल्यावर उंदरांची साखर फारशी हलली नाही. शिरेतून दिल्यावर पांढऱ्या पेशी इतक्या घटल्या की जंतुसंसर्गाने उंदीर दगावले. त्यातूनच विनब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध हाती लागले, मग विनक्रिस्टिन. विनक्रिस्टिनही आठवड्याला बहुधा जास्तीत जास्त 2 मिलिग्रॅम, फक्त शिरेतून. चुकून मणक्यातून टोचले गेले तर जीव जातो. कुंडीतल्या सदाफुलीत शंभरावर अल्कलॉइड (वनस्पतीतली तीव्र परिणामाची रसायने) असतात. तिच्या काढ्याच्या एका पेल्यात कोणते किती उतरले, हे पंचवटीतला काष्ठौषधीवाला काय सांगणार?

उपचार चालू असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता गुळवेल घेऊ नये. 2021 मध्ये मुंबईतून तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद झाली आहे. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे 500 च्या खाली असताना गव्हांकुराचा कच्चा रसही नको, त्यातले जंतू संसर्गाला पुरेसे असतात. इमॅटिनिब ही ल्युकेमियावरची गोळी सोडून काढा धरणे तर सर्वांत महागात पडते, कारण बरे वाटत असतानाच आजार डोके वर काढतो.

बातमीत निदान तीन गोष्टी छापाव्यात: प्रयोग पेशींवर, प्राण्यांवर की माणसांवर, आयसी-50 किती, आणि निरोगी पेशींचे काय झाले. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. त्या आतल्या पानांवरही घेऊ नयेत.

आपले,
औषधनिर्माणशास्त्राचे काही शिक्षक, नाशिक