हवाई अंतर आणि प्रवासाचे तास

माननीय संपादक,
स. न.

सुट्टीचा हंगाम आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत परदेशी शहरांची माहिती देणाऱ्या चौकटी येऊ लागतात आणि त्यांत ‘मुंबईपासून हवाई अंतर अमुक किलोमीटर, प्रवास तमुक तास’ अशी ओळ हमखास असते. जाण्याचा आणि येण्याचा वेळ त्यांत एकच दिलेला असल्यामुळे, अंतराला विमानाच्या वेगाने भागून हे तास काढले जात असावेत, अशी मला शंका आहे.

मुंबई-लंडन हे सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेले अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. ताशी ९०० किलोमीटर वेग धरला तर उत्तर आठ तास येते; वेळापत्रकात मात्र जाताना साडेनऊ-दहा तास दिसतात आणि परतीला त्याहून कमी. धावपट्टीपर्यंतची रांग, चढता-उतरतानाचा कमी वेग आणि मार्गातली वळणे यांत काही वेळ जातो, हे खरे. पण जाण्यायेण्यातला फरक पडतो तो सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांमुळे. एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले, तेव्हा मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरनी वाढूनही पाठीशी वारा मिळाल्याने वेळ कमी झाला. याउलट, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा पडू लागला. चौकटीतले अंतर मात्र तेच राहिले.

दुसरा घोळ घड्याळाचा. गेल्या मे महिन्यात माझ्या सासूबाई लंडनला निघाल्या. तिकिटावर दुपारी २ ला प्रस्थान आणि संध्याकाळी ७ ला आगमन पाहून त्यांनी पाचच तासांचा प्रवास धरला, आणि मधुमेहाच्या गोळ्यांची डबी खुशाल मोठ्या बॅगेत टाकली. दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात आणि उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते (हिवाळ्यात साडेपाच), हे विमानतळावर निघण्याआधी लक्षात आले म्हणून बरे. ती डबी हातातल्या पर्समध्ये आली आणि सोबत दोन पोळ्यांची गुंडाळीही.

तेव्हा विनंती एवढीच, की अशा चौकटीत अंतराबरोबर वेळापत्रकातला कालावधी जाण्याचा व येण्याचा वेगवेगळा छापावा, विमान थेट आहे की मध्ये बदलावे लागते ते सांगावे आणि दोन्ही शहरांच्या घड्याळांतला फरक द्यावा. जागा अपुरी पडत असेल तर किलोमीटरचा आकडा गाळला तरी चालेल. प्रवाशाला त्याचा तसा काही उपयोग नसतो.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा