हॉजकिनच्या चित्राची चौकट कापू नका हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश चित्रकार हॉवर्ड हॉजकिन यांच्यावर पानभर लेख आला, वाचून खूप बरं वाटलं, मराठी पेपरात या माणसावर कोण एवढं लिहितंय. पण लेखाबरोबर जे चित्र छापलंय त्याच्या चारी बाजूंची रंगवलेली पट्टी कापून टाकलीय आणि आतला भाग तेवढा ठेवलाय. बहुतेक पानावर बसवताना कुणाला वाटलं असणार की ही फ्रेम आहे, फ्रेम कशाला छापायची. तेवढ्यासाठीच हे पत्र लिहितोय.

मी गेली एकतीस वर्षं फोटो फ्रेमिंगचं काम करतो. मोल्डिंग कापायचं, माउंट कापायचा, काच बसवायची, मागून खिळे मारून टेप लावायची. गिऱ्हाईक फ्रेमकडे भिंतीला मॅच होतीय का एवढंच बघतं, त्यामुळे चित्र वेगळं आणि फ्रेम वेगळी हे माझ्याही डोक्यात पक्कं बसलेलं होतं. हॉजकिन लाकडावर ऑइल पेंटनी काम करायचे, सत्तरच्या दशकापासून त्यांनी कॅनव्हास जवळजवळ सोडूनच दिला. कॅनव्हास दाबला की आत जातो, लाकूड जात नाही, त्यावर रंग चढवा, खरवडा, पुन्हा चढवा, ते सहन करतं. जुन्या फळ्या, जुन्या फ्रेम्स ते गोळा करायचे, आणि ब्रश आतल्या फळीवर सुरू झाला की थेट फ्रेमवरून बाहेर जायचा. म्हणजे फ्रेम नंतर लावलेली नसते, ती पेंटिंगच असते. त्यांनी म्हटलेलं आहे की जी भावना पकडायचीय ती जितकी चटकन उडून जाणारी, तितकी फळी जाड घ्यायची आणि चौकट भक्कम करायची, म्हणजे ती नाजूक गोष्ट आत सांभाळली जाईल. हे वाचल्यावर मी दुकानात दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

२०१७ च्या ऑगस्टमधे इंग्लंडमधे मुलीकडे लीड्सला होतो, तिथून वेकफिल्ड जवळच आहे, तिथल्या हेपवर्थ म्युझियममधे हॉजकिनच्या भारतावरच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन होतं. मार्चमधे हॉजकिन वारले आणि जुलैत प्रदर्शन सुरू झालं. मी एका लहान चित्रापाशी खूप वेळ थांबलो, साधारण जेवायच्या पाटाएवढं असेल. आत हिरव्या रंगाचा एकच रुंद फटकारा, ब्रशचे केस कुठे सुटले तेसुद्धा दिसतंय, आणि तो फटकारा संपता संपता कडेच्या लाकडी पट्टीवर चढलाय, तिथे रंग पातळ झालाय आणि खालून लाकडाच्या रेषा दिसतायत. मिटरचा जोड, म्हणजे कोपऱ्यात ४५ अंशात कापून दोन पट्ट्या जिथे भेटतात तो, त्यावरून रंग तसाच पुढे गेलाय. आम्ही आयुष्यभर तो जोड दिसू नये म्हणून पुट्टी भरतो, पॉलिश करतो, आणि इथे तो जोड चित्राच्या आत आलेला.

हे सगळं आलं कुठून, ते तुमच्या लेखात दोन ओळीत उरकलंय. मातीस, व्युयार, बोनार या फ्रेंच चित्रकारांची नावं बरोबरच आहेत, पण भारतीय लघुचित्रांचा विषय एवढ्यात संपत नाही. शाळेत असताना ड्रॉइंगच्या सरांनी हॉजकिनना ही चित्रं दाखवली आणि तेव्हापासून ते गोळा करायला लागले, मुघल, राजपूत, पहाडी, आपल्या दख्खनची, हत्तींची तर किती तरी. १९६४ साली पहिल्यांदा भारतात आले आणि मग येतच राहिले, वडोदऱ्याचे चित्रकार भूपेन खख्खर त्यांचे मित्र, खख्खर मूळचे मुंबईचेच. हॉजकिनच्या त्या संग्रहातला मोठा भाग २०२२ मधे न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनी घेतला आणि २०२४ मधे तिथे त्याचं प्रदर्शनही झालं. लघुचित्रात हाशिया असतो, म्हणजे चारी बाजूंची रंगीत पट्टी, लाल किंवा पिवळी, आणि कधीकधी एखाद्या झाडाचा शेंडा, हत्तीची सोंड त्या हाशियावर येते. हॉजकिनच्या चौकटीवर रंग चढतो तो मला तिथलाच वाटतो.

इथे माझी एक जुनी चूक सांगतो. दुकान नवीन असताना एक रिटायर्ड सर पहाडी चित्राचा प्रिंट घेऊन आले, माझ्याकडे बारा बाय सोळाची रेडिमेड फ्रेम तयार होती, प्रिंट अर्धा इंच मोठा, मी सरळ हाशिया कापला आणि बसवून दिला. सरांनी हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, अरे बागेचं कुंपणच काढलंस की रे. पैसे पूर्ण दिले, पण परत कधी आले नाहीत. ते वाक्य मला वेकफिल्डला आठवलं आणि परवा पुरवणी उघडल्यावर पुन्हा आठवलं.

अजून एक. लेखात हॉजकिनना अमूर्त चित्रकार म्हटलंय. ते स्वतः हे मान्य करायचे नाहीत, आपण दिसण्याचं नाही तर भावनेच्या प्रसंगाचं चित्र काढतो असं सांगायचे. एखाद्या घरची संध्याकाळ, कुणाशी झालेली भेट, मुंबईचा सूर्यास्त, सगळं आठवणीतून. लंडनला ब्रिटिश म्युझियमजवळच्या स्टुडिओत अर्धवट चित्रं ते पांढऱ्या पडद्यांमागे झाकून ठेवायचे, एका वेळी एकच उघडं. लंडनच्या टेट गॅलरीतलं 'रेन' हे चित्र १९८४ ते १९८९ असं पाच वर्षं चाललं, त्यात रोज ब्रश लावला असं नव्हे, बघत बसायचं, थांबायचं. आणि हाच माणूस १९७८ मधे अहमदाबादला ओल्या हातकागदावर कापडाचे डाय वापरून भराभर काम करून गेला, कारण तिथे कागद वाळायच्या आत हात चालवावा लागतो.

दिल्लीच्या ब्रिटिश कौन्सिलच्या बिल्डिंगवर त्यांचं वडाच्या सावलीचं म्युरल आहे, बिल्डिंग आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची. पांढरा मकराना संगमरवर आणि काळा कडप्पा, तोच कडप्पा ज्याचे आपल्याकडे स्वयंपाकघरात ओटे असतात. दिल्लीला जाणाऱ्यांनी रस्त्यावरून तरी ते बघावं.

तर विनंती अशी, की पुढच्या रविवारी तेच चित्र पुन्हा छापा, लहान छापलं तरी चालेल, पण कडेच्या पट्टीसकट. आणि खाली लांबी-रुंदी आणि 'लाकडावर ऑइल' एवढं टाका.

आपला नियमित वाचक,
एक फ्रेमवाला, पुणे