तळून उरलेल्या तेलासाठी कचरागाडीवर एक डबा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी तोंडावर आली की इंदूरमधल्या आमच्या रामबागेत घरोघरी भाजणीचा वास सुटतो. गेली अठरा वर्षं मी घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. त्या पंधरवड्यात माझ्या कढईत चार-पाच डबे तेल लागतं, म्हणून तेलाबद्दल लिहिते आहे.

बरीच वर्षं मीही सगळ्या करतात तेच केलं. संध्याकाळी तेल गाळायचं, झाकून ठेवायचं आणि सकाळी त्यातच ताजं ओतायचं. गाळलं की तेल चांगलं झालं, असं मनापासून वाटायचं. पण गाळण्याने फक्त जळका चुरा निघतो. 170-180 अंशांवर तासन्‌तास तापलेल्या तेलाला पदार्थातलं पाणी आणि हवा लागते, ते आतून तुटतं, आणि त्यातून जी घातक द्रव्यं होतात ती तेलातच विरघळलेली राहतात. कापड त्यांना अडवत नाही. जुन्या तेलाला फेस येतो, ते दाट होतं, घाणा सोडायच्या आधीच धूर निघतो आणि चकली तेल पिते, ते यामुळेच.

या द्रव्यांना टोटल पोलर कंपाउंड्स म्हणतात. त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, हा नियम देशभर 1 जुलै 2018 पासून आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच त्यांचा संबंध उच्च रक्तदाब, धमन्या कठीण होणं आणि यकृताच्या विकारांशी जोडला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत घरच्यांसाठी सोपं सांगितलं आहे: एकदा तळलेलं तेल गाळून भाजी-आमटीला एक-दोन दिवसांत संपवा, पुन्हा तळायला घेऊ नका. आणि कढईपाशी उभ्या असणाऱ्या बाईचं काय? कडक तापलेल्या तळणाच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं आहे. खिडकी बंद ठेवून तळणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी एवढं तरी ऐकावं.

आता मी लहान कढई घेते. शंकरपाळे आधी, चकली-शेव शेवटी, कारण बेसन-भाजणीचा चुरा सर्वांत जास्त उतरतो. दिवस संपला की ते तेल तळणातून बाद. यामुळे किलोमागे वीस रुपये वाढवावे लागले. काही गिऱ्हाइकं गेली, त्याचं वाईट वाटलं. पण त्यांच्या घरी लहान मुलं आहेत, हे विसरून मला तळता येत नाही.

खरी अडचण पुढे आहे. बाद केलेलं तेल द्यायचं कुठे? रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना नोंद ठेवून ते अधिकृत संकलकालाच द्यावं लागतं, त्याचं बायोडिझेल होतं. आमच्यासारख्या घरगुती बायका आणि छोट्या गाड्यावाले यात येतच नाहीत. मोरीत ओतलं तर ड्रेनेज तुंबतं. दारावर येऊन काळं तेल विकत मागणारे असतात. मीही एकदा दिलं, आणि ते कुणाच्या कढईत गेलं असेल या विचाराने रात्रभर झोप लागली नाही.

2017 पासून आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं येत आहे. रोज सकाळी दारात येणाऱ्या गाडीत आपण सहा प्रकारचा कचरा वेगळा टाकतो. ही शिस्त इंदूरच्या बायकांनी अंगी बाणवली आहे. त्याच गाडीवर आठवड्यातून एकदा वापरलेल्या तेलाचा डबा ठेवावा. शिवाय तेलातल्या या घातक द्रव्यांचं प्रमाण मोजण्याचं यंत्र कढईत बुडवलं की थोड्याच वेळात आकडा दिसतो. ते यंत्र घेऊन अन्न निरीक्षकांनी दिवाळीआधी गल्लीबोळांतून फिरावं, दंड करायला नव्हे, तर आमचं तेल तपासून द्यायला.

यंदाही माझ्याकडे दोन डबे काळं तेल उरेल. ते कुणाकडे सोपवायचं, हे महानगरपालिकेने दिवाळीपूर्वी आपल्या वृत्तपत्रातून कळवावं, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
घरगुती फराळ करणारी एक वाचक,
रामबाग, इंदूर